चौदा मीटर बसवले, टीव्हीवर आलेख नाचतायत, बिल मात्र तेवढंच

भट्टीवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना आहे. बाबांनी क्युपोलावर सुरू केली, कोळशाच्या धुरात. मी आल्यावर इंडक्शन भट्टी घेतली: ५०० किलोची, एक पॉवर पॅक आणि दोन क्रुसिबल (धातू वितळवायची भांडी). ग्रे आयर्न जास्त, थोडं एसजी (दोन्ही बिडाचेच प्रकार). पंपांचे बॉडी, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे किरकोळ भाग. महिन्याला साधारण २०० टन धातू वितळतो आणि विजेचं बिल सगळ्यांच्या पगारांच्या बेरजेपेक्षा मोठं येतं. फाउंड्रीवाल्यांना हे नवीन नाही.

मागच्या दिवाळीनंतर एका कंपनीचा माणूस आला. दर मशीनला मीटर बसवा, सगळे एका वायरवर जोडू, गेटवे नावाच्या डब्यातून डेटा क्लाउडवर, मोबाइलवर कुठूनही बघा, दहा ते पंधरा टक्के बचत नक्की. प्रेझेंटेशन झकास होतं. १४ मीटर बसवले: दोन भट्टीच्या फीडरवर (वीज आणणाऱ्या लाइनवर), बाकी सँड प्लँट (साच्यांची वाळू तयार करतो तो), दोन कॉम्प्रेसर, शॉटब्लास्ट, कूलिंग टॉवरचे पंप, फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं), कोअर शॉप वगैरे. ऑफिसात भिंतीवर ४३ इंची टीव्ही. त्यावर हिरव्या-निळ्या रेषा दिवसभर वरखाली होतात. गिऱ्हाईक आलं की बघून खूश होतं.

तीन महिने झाले. बिलात फरक शून्य. म्हणजे बिल वरखाली होतंच, पण ते माल कमीजास्त झाल्यामुळे. भट्टीचे युनिट भागिले वितळलेले टन केलं तर एका महिन्यात ६४०, दुसऱ्यात ६८०, तिसऱ्यात ६५५. का, ते कुणालाच सांगता येत नाही. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "सर, डेटा तर आहे ना तुमच्याकडे." हो, आहे. पुढं काय?

बाबांचं म्हणणं असं की चौदा थर्मामीटर लावले म्हणून ताप उतरत नाही. आणि ते हे रोज जेवताना म्हणतात.

तर प्रश्न दोन. एक, तुमच्यापैकी कुणी असं मीटरिंग करून खरोखर युनिट कमी केलेत का, केले असतील तर नेमकं काय केलं? दोन, वर्षाची वर्गणी भरायची वेळ आलीय. भरू की नको?

वायरमन नाना

भरायचं नंतर बघू. आधी सांग, मीटर खरं बोलतात का? १४ मधले सगळे फीडर मिळून मेन मीटरशी बेरीज जुळते का? किती टक्के फरक पडतो?

चाळीस वर्षं हातात टेस्टर घेऊन काढली. नवीन मीटर म्हणजे बरोबर मीटर, असं समजणाऱ्याचं लई नुकसान होतं.

भट्टीवाला

नाना, जुळत नाही. साधारण आठ टक्के कमी येते. कंपनीवाला म्हणाला ट्रान्सफॉर्मर लॉस आणि केबल लॉस.

वायरमन नाना

आठ टक्के ट्रान्सफॉर्मर लॉस असता तर ट्रान्सफॉर्मरवर भाकरी भाजली असतीस. एक-दोन टक्के म्हण, समजू शकतो.

दोन गोष्टी बघ. सीटीचा, म्हणजे मोठा करंट मीटरसाठी लहान करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, रेशो मीटरमध्ये बरोबर घातलाय का (२००/५ ची सीटी आणि मीटरमध्ये १००/५ असं सर्रास असतं). दुसरी, एखाद्या फेजची सीटी उलटी बसलीय का. तीनपैकी एक उलटी असली की लोड समतोल असताना मीटर बरोबर एक तृतीयांश दाखवतो. एक फेज दुसरीला खाते आणि तिसरी तेवढी उरते. मीटरवर फेजनिहाय किलोवॅट बघ, कुठं वजा चिन्ह दिसलं की चोर सापडला.

भट्टीवाला

नाना, पाया पडतो. सँड प्लँटचा मीटर: आर फेज १३, वाय १३, बी वजा १३. तीन महिने आम्ही सँड प्लँट फारच कमी वीज खातो म्हणून कौतुक करत होतो.

कोडकरी

या धाग्यावर माझ्या पोटापाण्याचा विषय आला म्हणून लिहितो. पुण्यात असतो, कारखान्यांच्या मीटरचा डेटा गोळा करायचं काम करतो.

तुमचे मीटर बहुतेक आरएस-४८५ वायरीवर मॉडबस नावाच्या भाषेत बोलत असतील. त्यात नेहमीचे गोंधळ हे: वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी जायला हवी, पण इलेक्ट्रिशियन एका जंक्शनमधून फाटे फोडतो. माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो, तो कुणी लावत नाही. शील्डला एकाच बाजूने अर्थ द्यायचा, दोन्हीकडून देतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डेटाची वायर पॉवर केबलच्याच ट्रेमधून नेतात. इंडक्शन भट्टी असेल तर हार्मोनिक्सचा (विजेच्या लहरीतल्या विकृतीचा) असा गोंगाट असतो की विचारू नका.

एक करून बघा. भट्टीच्या मीटरच्या डेटात खाडे कुठं पडतात ते वेळेनुसार बघा. माझी पैज, भट्टी पूर्ण पॉवरवर असतानाच पडत असतील. म्हणजे जेव्हा मोजायला हवं नेमकं तेव्हाच मीटर मुका.

दुसरं म्हणजे, सिस्टीम काय साठवतेय, क्षणाचे किलोवॅट की मीटरचा चढत जाणारा युनिटचा काउंटर? किलोवॅट साठवून त्यांची बेरीज करत असेल तर प्रत्येक खाड्यात युनिट हरवतात. काउंटर साठवला तर मधले पाच मिनिटं डेटा आला नाही तरी पुढच्या वाचनात हिशेब पुरा होतो. घरच्या मीटरचं रीडिंग महिन्यातून एकदाच घेतात, तरी बिल चुकत नाही ना, तसं.

भट्टीवाला

कोडकरी, पैज जिंकलात. खाडे सगळे मेल्टिंगच्या वेळेचे. आणि हो, ते किलोवॅटची बेरीज करतायत. शिवाय क्लाउडवर दर १५ मिनिटांचा एकच आकडा येतो, एका मिनिटाचा हवा असेल तर वेगळा प्लॅन.

शंकेखोर

म्हणजे तीन महिने जे बघितलं ते सगळं खोटं होतं. छान. कारखान्यात सगळं नेटवर्कला जोडायचं म्हणतात, हेच ते इंडस्ट्री ४.० का? सेमिनारमध्ये जेवण चांगलं असतं एवढंच मला माहीत.

कोडकरी

@भट्टीवाला, वर्गणी वाचवायची असेल तर मीटर तुमचेच आहेत, गेटवेच्या जागी रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) लावा. नोड-रेडने मॉडबस वाचा, इन्फ्लक्सडीबीत साठवा, ग्राफाना वर दाखवा. सॉफ्टवेअर सगळं फुकट आहे, सवड असलेला एक डिप्लोमावाला पोरगा पुरतो.

इचलमाग

फुकट आहे तोपर्यंत ठीक. आम्ही केलं होतं. चार महिन्यांनी एसडी कार्ड मेलं, पोरगा नोकरी सोडून बेंगळुरूला गेला, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला.

कोडकरी

एसडी कार्डावर डेटाबेस ठेवलात ही चूक. एसएसडी लावायचा, रोज बॅकअप घ्यायचा. पोरगा गेला याला मी काय करू :)

मेघना ऊर्जा

उशिरा आले धाग्यावर. मी बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आहे. फाउंड्र्या बऱ्याच पाहिल्या आहेत, त्यातल्या थोड्या कोल्हापुरातल्या.

नाना आणि कोडकरींनी मोजमाप सुधारलं. पण समजा तुमचा डेटा पहिल्या दिवसापासून बिनचूक असता, तरीही बिल तेवढंच आलं असतं. तुमच्या टीव्हीवर आडवा अक्ष वेळेचा आहे. अकरा वाजता ३४० किलोवॅट लागले, बरं मग? त्या वेळी भट्टीत किती माल होता, कितवी हीट (वितळवण्याची फेरी) होती, तापमान काय होतं, हे त्या रेषेला ठाऊक नाही. मीटरला फक्त वीज कळते, कास्टिंग कळत नाही. ते दोन कागद एकमेकांना टाचायचं काम अजून कुणी केलेलं नाही.

आधी अगदी साधं करा, एक्सेलमध्ये होतं. रोजचे वितळलेले टन आडव्या अक्षावर, त्या दिवसाचे कारखान्याचे एकूण युनिट उभ्यावर. ७०-८० दिवसांचे ठिपके पडतील. त्यातून सरळ रेषा काढा. रेषेचा चढ म्हणजे एक टन जास्त वितळवायला लागणारे युनिट. आणि रेषा उभ्या अक्षाला जिथं छेदते ती म्हणजे काहीही न वितळवता रोज लागणारी वीज. बहुतेक मालकांना हा दुसरा आकडा बघून घाम फुटतो.

मग भट्टी. लोखंड सामान्य तापमानापासून १५०० अंशांपर्यंत न्यायला तत्त्वतः टनाला ३९०-४०० युनिट पुरतात. कॉइल, केबल, पॉवर पॅक, कूलिंगचं पाणी, रेडिएशन यांत जातं ते वेगळं. चांगली चालवलेली मध्यम भट्टी ५५०-५७० पर्यंत येते. तुमचे ६४० ते ६८० म्हणजे वाईट नाही, पण जागा आहे. ती कुठं असते, ते माझ्या अनुभवाच्या क्रमाने सांगते.

धातू तयार आणि भट्टी थांबलेली, हे सगळ्यात मोठं. का थांबते ते तुम्हीच शोधायचं. त्यात झाकण उघडं असेल तर आणखी वाईट, कारण रेडिएशन तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. १५०० अंशांचं उघडं तोंड म्हणजे छताला शेक द्यायचा कारखाना.

दुसरं, गरजेपेक्षा जास्त तापवणं. वितळलेल्या लोखंडाला एक अंश वाढवायला टनामागे साधारण पाव युनिटहून किंचित कमी लागतं. मेल्टर "लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) थंड होईल" म्हणून ५० अंश जास्त नेतो. ते ११-१२ युनिट, भट्टीची कार्यक्षमता धरली तर १५-१६. प्रत्येक टनाला, प्रत्येक हीटला. लॅडल नीट तापवलेला असेल तर ही भीतीच उरत नाही.

तिसरं, वाळू चिकटलेले रनर-रायझर (साच्यातल्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड) तसेच परत भट्टीत. ती वाळूही तुम्ही विजेवर वितळवता आणि मग स्लॅग (मळी) म्हणून हाताने काढता. शॉटब्लास्ट करून (छऱ्यांच्या माऱ्यानं साफ करून) घाला.

आणि हीटनिहाय मोजा. महिन्याची सरासरी काहीच सांगत नाही, कारण चांगल्या आणि वाईट हीट एकमेकींना झाकतात. ५०० किलोची हीट ५०-५५ मिनिटांत होत असेल तर १५ मिनिटांचा डेटा म्हणजे धुक्यातून फोटो काढणं. एक मिनिटाचा लागेलच.

शंकेखोर

मॅडम, हे सगळं मोठ्यांना. कारखान्यांना ऊर्जा बचतीचं लक्ष्य देणारी सरकारची ती पॅट योजना होती ना, त्यात कधी छोट्या फाउंड्रीला कुणी विचारलं?

मेघना ऊर्जा

विचारलं नाही, कारण ती त्यांच्यासाठी नव्हतीच. पॅट २०१२ मध्ये सुरू झाली, पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले ४७८ मोठे कारखाने होते. लोखंड-पोलाद क्षेत्रात तेव्हा पात्रतेची किमान मर्यादा वर्षाला ३०,००० टन तेल-समतुल्य. विजेत मोजली तर जवळजवळ ३५ कोटी युनिट. भट्टीवाला यांचे वर्षाचे वीस लाखांच्या आसपास असतील. छोट्यांसाठी वेगळं आहे: बीईईची अदिती योजना २०२५ मध्ये आली, ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पाच टक्के, मध्यमांना तीन टक्के व्याज सवलत. आपला क्लस्टर (भागातल्या उद्योगांचा गट) यादीत आहे का ते महाऊर्जाकडे (राज्याच्या ऊर्जा संस्थेकडे) विचारा. पण कर्ज काढून नवीन काही घेण्याआधी वर सांगितलेलं करा, त्याला पैसे लागत नाहीत.

नेकारकाठ

श्टुटगार्टजवळ गाड्यांच्या भागांच्या कारखान्यात आहे, मूळचा सांगलीचा. इंडस्ट्री ४.० हा शब्द इकडूनच आला, २०११ च्या हॅनोव्हर मेळ्यात. त्यामुळे शंकेखोर यांची माफी मागतो :)

पण इकडे ऊर्जेच्या डेटाकडे लोक हौसेनं बघत नाहीत, कायदा बघायला लावतो. २०२३ च्या ऊर्जा कार्यक्षमता कायद्यानुसार वर्षाला ७५ लाख युनिटपेक्षा जास्त ऊर्जा (वीज, गॅस सगळं धरून) वापरणाऱ्या कंपनीला आयएसओ ५०००१ सारखी ऊर्जा व्यवस्थापनाची व्यवस्था ठेवावीच लागते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त फायदा कशानं झाला सांगू? बंद करण्यानं. रोबो, कन्व्हेयर, हायड्रॉलिक पॅक जेवणाच्या सुट्टीत नुसते उभे राहून वीज खायचे. ऑपरेटर बंद करत नव्हता, कारण परत सुरू करताना काही बिघडलं तर शिव्या त्याला. मग पीएलसीनंच (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरनंच) मशीनना क्रमानं झोपवायचं आणि क्रमानं उठवायचं असं केलं. प्रोफीएनर्जी नावाची पद्धत आहे त्यासाठी, जर्मन गाडीवाल्यांच्याच मागणीतून आलेली. तुमच्याकडे एवढ्या मशीन नाहीत, पण सुट्टीच्या दिवसाचा आलेख एकदा बघा. कामाच्या दिवसाचा नंतर.

वेर्णाकर

गोंयात फार्मा कंपनीत युटिलिटीला आसा. आमच्याकडे भट्टी नाही, पण क्लीनरूमचा एसी म्हणजे भट्टीच. बीएमएस (इमारतीची कंट्रोल सिस्टीम) सगळं मोजतं, सगळं दाखवतं. रात्री उत्पादन नसताना हवेचे फेरे कमी करूया म्हटलं, तर पंख्याचा वेग २० टक्के उतरवला की पॉवर निम्म्यावर येते, गणित सोपं. क्वालिटीच्या सहीला आठ महिने लागले. पंखा अजून पूर्ण वेगात फिरतोय, आलेख सुंदर आहे.

भट्टीवाला

मेघनाताई, नेकारकाठ, दोघांचं ऐकलं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बसून एक्सेल केलं. सँड प्लँटचे आकडे तिप्पट करून घेतले.

रेषा आली. चढ टनाला ७१० च्या आसपास, आणि छेद? रोज जवळपास ९०० युनिट. एक ग्रॅम लोखंड न वितळवता.

मग सुट्टीच्या दिवसाचा आलेख उघडला. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ३८ किलोवॅट, सरळ रेघ. मोठा कॉम्प्रेसर. सुट्टीला तर कुणीच नसतं! वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "मालक, लायनिंगची दोन माणसं येतात की पॅच मारायला. त्यांच्या रॅमरला हवा लागते." दोन माणसं, एक रॅमर (भट्टीचं अस्तर ठोकून बसवायचं हवेवरचं हत्यार), दिवसात दीड तास काम. त्यासाठी ४५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर नऊ तास. आणि ही पद्धत बाबांनीच घालून दिलेली, २००९ साली, छोटा कॉम्प्रेसर बिघडला होता म्हणून. तो दुरुस्त होऊन पंधरा वर्षं झाली.

जेवताना मी काही बोललो नाही.

इचलमाग

आता त्या कॉम्प्रेसरचं पुढचं ऐका. आमच्याकडे एअरजेट लूम, म्हणजे धागा हवेनंच फेकतो, त्यामुळे हवा म्हणजे आमचा जीव. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारं सगळं बंद ठेवून कॉम्प्रेसर एकटा चालवायचा. किती वेळ लोडवर (हवा भरत), किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत), घड्याळ लावून मोजायचं. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ. दीड मिनिट लोड, साडेतीन मिनिट अनलोड आलं तर ३० टक्के हवा नुसती गळतेय. हे आमचे खरे आकडे आहेत, लाज वाटते सांगायला, पण वीस-तीस टक्के गळती म्हणजे नेहमीचंच.

७ बारला ३ मिलिमीटरचं एक भोक साडेतीन-चार किलोवॅट खातं. कॉम्प्रेसर चोवीस तास असेल तर महिन्याला अडीच हजार युनिट, एका भोकाचे. आणि प्रेशर गरजेपेक्षा एक बार जास्त ठेवलं की सहा-सात टक्के जास्त वीज. आम्ही ७.५ वरून ६.५ वर आणलं, कुणाला कळलंसुद्धा नाही. तुमच्याकडे मीटर आहेच तर हा प्रयोग मीटरवरच दिसेल, घड्याळही नको.

वायरमन नाना

सुट्टीचा विषय निघालाय तर आणखी एक. एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही धरून, बिल आहे. आधी पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामाला येणारा हिस्सा) चांगला ठेवला की बक्षीस मिळायचं, म्हणून सगळ्यांनी कपॅसिटर ठोकून ठेवले. आता लॅगबरोबर (करंट मागं) लीडही (करंट पुढं) मोजतात. सुट्टीला लोड नाही आणि फिक्स कपॅसिटर बँक चालू, की पॉवर फॅक्टर लीडमध्ये जातो आणि न वापरलेल्या विजेचं बिल येतं. एपीएफसी पॅनेल (कपॅसिटर गरजेप्रमाणे जोडतं-काढतं ते) ऑटोवर आहे का बघ. आमच्या लोकांना मॅन्युअलवर टाकून विसरायची खोड असते.

भट्टीवाला

मॅन्युअलवर होतं नाना. तुम्ही आमच्या कारखान्यात येऊन गेलात का कधी, खरं सांगा.

शंकेखोर

यात आयटी कुठं आहे? वॉचमनला विचारलं असतं तरी कळलं असतं.

नेकारकाठ

पंधरा वर्षांत कुणी विचारलं नाही. रेघ दिसली म्हणून विचारलं.

दुसरी पाळी

मी मालक नाही, मोल्डर (साचे बनवणारा) आहे, कागलकडच्या एका फाउंड्रीत. तुमचं सगळं वाचलं. एक सांगतो, राग मानू नका.

आमच्याकडंही असा टीव्ही लागला. आधी रात्री दहा ते सहा युनिटला दीड रुपया सवलत होती, म्हणून भट्टी रात्रीच चालायची. वर्षानुवर्षं आम्ही रात्रीचं जागलो. आता ती सवलत गेली आणि दिवसा उन्हाच्या वेळेत स्वस्त, संध्याकाळी पाचनंतर महाग. तर मालकानं सोमवारी सांगितलं, उद्यापासून सगळी मेल्टिंग दिवसा, दुसरी पाळी फेटलिंगला. फेटलिंगचा दर वेगळा, माझं काम वेगळं. बटण दाबून पंखा बंद करता येतो तसं माणसांचं होत नाही. आधी बोलायला हवं होतं.

आणि त्या टीव्हीवर आमच्या मेल्टरचं, भट्टी चालवणाऱ्याचं, नाव लाल रंगात यायचं. त्यानं काय केलं, हीट उशिरा नोंदवायला लागला. आकडे सुधारले!

मेघना ऊर्जा

@दुसरी पाळी, राग कसला. तुमचा मुद्दा सगळ्यांनी वाचावा. दराचं वेळापत्रक देशभर उलटं होतंय, २०२३ च्या केंद्राच्या नियमांनंतर उद्योगांना दिवसाचे आठ सौर तास स्वस्त आणि गर्दीचे तास महाग. पाळ्या हलणारच. पण ज्याच्या हातात पॅनेलचं नॉब आहे त्याला लाल रंगात टांगलं की डेटा खोटा व्हायला सुरुवात होते, हे मी तीन ठिकाणी पाहिलंय.

भट्टीवाला

सहा आठवड्यांनी परत येतोय. वर्गणी भरली नाही. कोडकरींच्या सल्ल्यानं गेटवे आपला केला (एसएसडीसकट, आणि पासवर्ड माझ्या वहीत आहे, इचलमाग). डेटाची वायर पॉवर ट्रेमधून काढून जीआय पाइपातून नेली. एका मिनिटाचा काउंटर येतो, खाडे बंद.

मग हीट टाचायचं काम. आधी टॅबलेट दिला, मेल्टरमामांना हीट नंबर टाइप करायला. हातात चामड्याचे मोजे, तोंडासमोर भट्टी. दोन दिवसांत टॅबलेट कपाटात. मग तीन मोठी बटणं बसवली, लिफ्टची असतात तशी: चार्ज (माल भरणं) सुरू, थांबलोय, टॅप (धातू ओतून घेणं). बस. बाकी हिशेब मशीन करतं. मामांना आधीच सांगितलं की तुमचं नाव कुठं येणार नाही (दुसरी पाळी, हे तुमच्यामुळं). तरी पहिला आठवडा त्यांनी "थांबलोय" एकदाही दाबलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा मोल्ड तयार नव्हते म्हणून चिडून दाबलं, आणि मी त्यांना काही न बोलता मोल्डिंगवाल्यांकडं गेलो. त्यानंतर ते बटण झिजेल इतकं दाबतात.

३०० हून जास्त हीट जमल्या. सगळ्यात चांगली टनाला ५९०, सगळ्यात वाईट ७७०. तीच भट्टी, तेच लायनिंग, तीच माणसं. आठवड्याची पहिली थंड भट्टीची हीट वाईट येणार हे माहीत होतं. बाकीच्या वाईट हीट दोन ठिकाणी गोळा झालेल्या निघाल्या. एक, दुपारी चारच्या पुढेमागे: स्पेक्ट्रोचा (धातू तपासायच्या यंत्राचा) पोरगा चहाला जातो, सॅम्पल पडून राहतं, धातू वाट बघतो. बारा मिनिटं थांबलं की टनाला वीस-पंचवीस युनिट चढतात. दोन, जेव्हा मोठे मोल्ड असतात तेव्हा. मोल्डिंग मागं पडतं, भट्टी तयार होऊन बसते. म्हणजे माझी वीज भट्टीत जातच नव्हती हो, मोल्डिंगच्या फ्लोअरवर जात होती. तिथं १४ पैकी एकही मीटर नाही.

चहाची वेळ दोघांत वाटून दिली. आणि मोठ्या मोल्डच्या दिवशी मोल्डिंगकडून हिरवा दिवा आल्याशिवाय चार्ज सुरू करायचा नाही. दिवा आणि वायर, साडेसातशे रुपये. गेल्या महिन्याची सरासरी ६२२. सुट्टीचा कॉम्प्रेसर बंद, तो छेदाचा आकडाही उतरलाय, पण गळती अजून मोजायचीय.

मेघना ऊर्जा

छान. आता युनिट वितळलेल्या टनाला मोजणं सोडा, चांगल्या कास्टिंगच्या टनाला मोजा. रिजेक्शन आणि रनर-रायझर तुम्ही दोनदा वितळवता, ते या आकड्यात दिसत नाही. यील्ड, म्हणजे वितळलेल्यापैकी चांगलं कास्टिंग, किती आहे?

भट्टीवाला

विचारू नका ताई. ५८ टक्के. त्यावर वेगळा धागा काढतो.

वायरमन नाना

ती सँड प्लँटची सीटी सुलटी केलीस का?

भट्टीवाला

अजून नाही नाना, शटडाउन मिळत नाहीये. एक्सेलमध्ये तीननं गुणतोय. आणि टीव्ही ऑफिसातून काढून मोल्डिंगच्या भिंतीवर लावलाय, तर बाबा दोन दिवस बोलत नाहीयेत. ते त्यावर दुपारी बातम्या बघायचे.